टेबल, दिवा, दगड : इसामू नोगुची यांच्या अभ्यासात शिरताना

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, लाँग आयलंड सिटी नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत, इसामू नोगुची यांनी 1985 साली स्वतःच्या कामाचे संग्रहालय स्वतःच उभे केले. इमारत जुन्या विटांची, मूळची औद्योगिक. आत टनावारी वजनाचे बेसॉल्टचे दगड आहेत, आणि एका हाताने उचलून नेता येतील असे कागदी दिवेही आहेत. दोन्ही एकाच माणसाचे, दोन्ही एकाच छताखाली. पहिल्यांदा जाणारा पाहुणा गोंधळतो. हा शिल्पकार होता, की घरगुती वस्तूंचा डिझायनर?

या विषयाच्या अभ्यासात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाची सुरुवात याच गोंधळाने होते, आणि ती तशी व्हावी हेच बरे. फर्निचर डिझाइनचा विद्यार्थी इथे काचेच्या टेबलाचा माग काढत येतो. शिल्पकलेचा विद्यार्थी संगमरवरी ‘कूरोस’मुळे येतो. नृत्याच्या अभ्यासकाला मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यनाटिकांचे नेपथ्य खुणावते, तर उद्यानरचना शिकणारा पॅरिसच्या युनेस्को कार्यालयातल्या बागेपासून सुरुवात करतो. आपण आलो तोच दिंडी दरवाजा आणि बाकीची सगळी मागची दारे, अशी प्रत्येकाची समजूत असते. ती मोडायला फार वेळ लागत नाही. म्हणूनच या अभ्यासाला कोणत्याही एका विद्यापीठीय विभागात नीट जागा मिळालेली नाही, आणि म्हणूनच बाहेरून येणाऱ्याला इथे मज्जावही नाही.

पण आत शिरण्याआधी एक तयार स्पष्टीकरण वाटेतून बाजूला करावे लागेल. नोगुचींवरचा जवळपास प्रत्येक लेख त्यांच्या आईवडिलांपासून सुरू होतो : वडील जपानी, आई अमेरिकन, म्हणून कला अर्धी पूर्वेची, अर्धी पश्चिमेची. ऐकायला हे सोयीचे आहे. पण चरित्रातले तपशील एकेक करून पाहिले की हे गणित बसत नाही.

वडील योने नोगुची हे कवी. जपानी असून ते इंग्रजीत कविता लिहीत. 17 नोव्हेंबर 1904 रोजी लॉस एंजेलिसला मुलगा जन्मला, तेव्हा ते जपानला परतले होते. आई लिओनी गिल्मर 1907 मध्ये मुलाला घेऊन जपानला गेली खरी, पण तिथे एकत्र संसार असा झालाच नाही. मुलगा आईजवळ वाढला. समुद्राकाठच्या चिगासाकी गावी तिने घर बांधायला काढले आणि त्या कामावरच्या सुताराच्या हाताखाली मुलाला धाडले. करवत कशी धरायची, रंधा कसा ओढायचा, लाकडाला लाकूड कसे सांधायचे याचे पहिले धडे त्याने तिथे घेतले. म्हणजे नोगुचींच्या हातात जपानी सुतारकी आली ती एका अमेरिकन बाईच्या हट्टामुळे. वडिलांच्या रक्ताचा तिथे काही संबंध नाही. पुढे 1931 मध्ये तरुण शिल्पकार जपानला यायला निघाला, तेव्हा ‘नोगुची हे नाव लावून येऊ नकोस’ अशा अर्थाचा निरोप याच वडिलांकडून आला होता.

1918 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, मुलाला एकट्याने अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात शाळेसाठी पाठवले गेले. तिथे तो सॅम गिल्मर म्हणून वाढला. शाळा संपल्यावर गट्झन बोर्ग्लम यांच्याकडे काही काळ उमेदवारी केली. माउंट रशमोरच्या डोंगरात पुढे राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरणारे हेच ते बोर्ग्लम. हा मुलगा कधीही शिल्पकार होणार नाही, असे त्यांनी सांगून टाकले. मग वैद्यकीय शिक्षणाच्या तयारीसाठी कोलंबिया विद्यापीठ. 1924 च्या सुमारास आईच्याच आग्रहाने न्यूयॉर्कच्या लिओनार्दो दा विंची कला शाळेत नाव घातले, आणि तिथून ‘नोगुची’ हे आडनाव परत लावले. स्वतःहून, वीस वर्षांचे असताना.

आता पश्चिमेचा भाग पाहू. 1926 मध्ये न्यूयॉर्कमध्ये शिल्पकार ब्रांकुशी यांचे प्रदर्शन त्यांनी पाहिले आणि पुढच्याच वर्षी गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर पॅरिस गाठले. ब्रांकुशींच्या कार्यशाळेत काही महिने मदतनीस म्हणून काम केले. नोगुचींना फ्रेंच येत नव्हते, ब्रांकुशींना इंग्रजी बेताचेच. शिकवणी हातानेच झाली : दगडाचा ठोकळा काटकोनात कसा घ्यायचा, करवतीला धार कशी लावायची, कोणते हत्यार कोणत्या मालावर चालवायचे. शिकवणारा माणूस रुमानियातल्या खेड्यातून आलेला, कुऱ्हाडीने आणि करवतीने लाकूड घडवणाऱ्या परंपरेतला. आपण ज्याला सहज ‘पाश्चात्य आधुनिकता’ म्हणतो ती नोगुचींच्या वाट्याला आली ती अशी, एका खेडूत कारागिराच्या हातून. चिगासाकीचा सुतार आणि पॅरिसचे ब्रांकुशी यांच्यातले अंतर नकाशावर दिसते तेवढे मोठे नव्हते.

माझे म्हणणे एवढेच, की या विषयात वंशावळ पाहण्यापेक्षा कार्यशाळांची यादी पाहावी. 1930 मध्ये बीजिंगला चित्रकार ची बाईशी यांच्याकडे त्यांनी शाई आणि कुंचल्याचे काम केले. 1931 मध्ये क्योतोला उनो जिन्मात्सु या कुंभाराच्या भट्टीवर मातीकाम केले. त्याच मुक्कामात प्राचीन थडग्यांवरच्या ‘हानिवा’ मृण्मूर्ती पाहिल्या. यातले काहीही वारशाने मिळालेले नाही. प्रत्येक गोष्ट प्रवास करून, कुणाच्या तरी शेजारी बसून मिळवलेली आहे, आणि प्रत्येकीचा काळ, जागा आणि गुरू सांगता येतो. जपानी वळण कुठे आले आणि कुठे नाही, हे अशा नोंदी समोर ठेवूनच बोलता येते. एरवी ‘झेन’, ‘साधेपणा’, ‘निसर्गाशी नाते’ वगैरे शब्द कशालाही चिकटतात.

वंशावरून कला वाचण्याची सवय निरुपद्रवी नाही, याचे उदाहरण 1935 चे आहे. टेक्सासमध्ये जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाची हत्या केली होती. त्या घटनेवरून नोगुचींनी धातूची एक वळलेली, लोंबणारी मानवाकृती केली. न्यूयॉर्कच्या हेन्री मॅकब्राइड या वजनदार समीक्षकाने तिच्यातला अमेरिकेवरचा आरोप बाजूला ठेवला आणि ते शिल्प म्हणजे एक जपानी चूक असल्याचा शेरा मारला. कलाकार जन्माने अमेरिकन नागरिक होता. आजचे समीक्षक कौतुकाच्या सुरात ‘पौर्वात्य संवेदनशीलता’ लिहितात. सूर बदलला, तर्क मात्र तोच राहिला.

आता एक वस्तू जवळून पाहू. 1944 मध्ये नोगुचींनी आखलेले आणि 1947-48 च्या सुमारास हर्मन मिलर कंपनीने बाजारात आणलेले बैठे टेबल आज जगभरच्या बैठकखान्यांत, आणि त्याहून अधिक नकलांच्या दुकानांत, दिसते. त्याच्या खालचा भाग म्हणजे लाकडाचे दोन वळणदार तुकडे. दोन्ही एकाच आकाराचे. एक सरळ ठेवायचा, दुसरा उलटा करून त्याच्यावर आणायचा, दोघांना एका सळीने जोडायचे. वर गोलाकार कोपऱ्यांची जवळजवळ त्रिकोणी काच. आजच्या टेबलात ती सुमारे 19 मिलीमीटर जाड असते. काचेला स्क्रू नाही, चौकट नाही, क्लिप नाही. आपल्याच वजनाने ती जागेवर बसते आणि खालच्या दोन तुकड्यांनाही जागेवर ठेवते. काच उचलली, सळी काढली की टेबल संपले.

टेबलाचा पाया सहसा लपलेला असतो. फळी वर, पाय खाली, आणि पाय कसे आहेत हे पाहायला वाकावे लागते. इथे फळीच्या जागी काच आल्यामुळे पाया वरून दिसतो. टेबलाशी बसलेल्या माणसाला चहाच्या कपाखाली दोन लाकडी आकार एकमेकांना छेदताना सतत दिसत राहतात, आणि आपण जागा बदलली की त्यांची सावली आणि छेद बदलतात. शिल्पाभोवती फिरून जे पाहायचे ते इथे बसल्या जागी घडते.

याच सुमारास, 1944-45 मध्ये, ‘कूरोस’ घडले. जवळपास तीन मीटर उंच, गुलाबी जॉर्जिया संगमरवराचे, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. संगमरवर ठोकळ्याचा नाही, लाद्यांचा आहे. इमारतींच्या दर्शनी भागाला लावण्यासाठी कापलेल्या लाद्या त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये सहज आणि स्वस्तात मिळत. नोगुचींनी आधी कागद कापून लहान नमुने केले, मग लाद्यांत खाचा पाडून त्या एकमेकींत अडकवल्या. गोंद नाही, खिळा नाही. सगळा डोलारा भाराने आणि खाचांनी उभा आहे, आणि उलगडून पुन्हा उभा करता येतो. टेबल आणि ‘कूरोस’ यांची चित्रे शेजारीशेजारी ठेवली, तर कोणते आधी आणि कोणते नंतर हा प्रश्न गौण होतो. सपाट मालातून तोल साधणे, जोड उघडा ठेवणे, सुटे भाग परत जुळवता येणे, ही एकच समस्या एकदा लाकूड-काचेत आणि एकदा संगमरवरात सोडवलेली दिसते.

यात जपानी सुतारकीतली सांधेजोड किती? काही अभ्यासकांना ती स्पष्ट दिसते. मला तसे ठामपणे म्हणवत नाही. लाकडी तुकड्यांची ती मऊ, हाडांसारखी वळणे 1940 च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये सगळीकडे होती. युरोपातून आलेल्या अतिवास्तववाद्यांनी ती आणली होती आणि नोगुचींचे मित्र आर्शिल गॉर्की यांच्या चित्रांतही ती आहेत. आकार न्यूयॉर्कचे, जोडण्याची वृत्ती कदाचित चिगासाकीची. ‘कदाचित’ हा शब्द इथे काढून टाकू नये.

या टेबलामागे एक भांडणही आहे. नोगुचींनी 1968 च्या आत्मचरित्रात लिहिले आहे ते असे, की टी. एच. रॉब्सजॉन-गिबिंग्ज या डिझायनरने त्यांच्याकडे टेबलाचा नमुना मागितला होता. पुढे काही कळले नाही. मग एके दिवशी त्याच कल्पनेचे टेबल जाहिरातीत छापलेले दिसले. तक्रार केली तर उत्तर आले, की तीन पायांचे टेबल कोणीही करू शकतो. त्या रागातून हे टेबल जन्मले. सांगणारा एकच पक्ष आहे हे लक्षात ठेवून वाचावे, पण ती जाहिरात नोगुचींनी कुठे पाहिली हे महत्त्वाचे आहे. ते तेव्हा ॲरिझोनाच्या वाळवंटात, पोस्टनच्या छावणीत होते.

पर्ल हार्बरनंतर फेब्रुवारी 1942 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घराबाहेर काढण्यात आले. सुमारे 1 लाख 20 हजार माणसे छावण्यांत डांबली गेली. त्यांतले बहुसंख्य अमेरिकन नागरिक. नोगुची न्यूयॉर्कचे रहिवासी असल्यामुळे त्यांना हा आदेश लागू नव्हता. तरी ते मे 1942 मध्ये स्वतःहून पोस्टनला गेले. छावणीत बाग, खेळाची मैदाने, पोहण्याचे तलाव, स्मशानभूमी यांचे नकाशे त्यांनी काढले. अधिकाऱ्यांनी त्यातले काहीच बांधले नाही. अधिकाऱ्यांना ते जपानी वाटत, छावणीतल्या लोकांना अधिकाऱ्यांचा माणूस. ज्यांना जायचेच नव्हते अशा माणसांमध्ये आपण होऊन आलेला हा एकटाच. बाहेर पडायची परवानगी मिळायला नोव्हेंबर उजाडला.

इथे आणखी एका माणसाची ओळख करून द्यायला हवी, कारण त्याच्याशिवाय हे क्षेत्र पुरे होत नाही. जॉर्ज नाकाशिमा नोगुचींहून सुमारे सहा महिन्यांनी लहान, 1905 साली वॉशिंग्टन राज्यात स्पोकेनला जन्मलेले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून वास्तुकला शिकून ते पॅरिसमार्गे तोक्योला वास्तुविशारद अँतोनिन रेमंड यांच्या कार्यालयात रुजू झाले. रेमंड यांनीच त्यांना पाँडिचेरीला पाठवले. श्रीअरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ या काँक्रीटच्या वसतिगृहाचे काम त्यांनी पाहिले, आश्रमवासी झाले, ‘सुंदरानंद’ हे नाव घेतले. युद्ध आले तेव्हा ते अमेरिकेत परतले होते. त्यांची रवानगी आयडाहोच्या मिनिडोका छावणीत झाली, आणि तिथे जपानहून आलेले गेंतारो हिकोगावा हे जुन्या पद्धतीचे सुतार त्यांना भेटले. तोक्योत काही वर्षे राहूनही जी हातची सुतारकी शिकायची राहिली होती, ती काटेरी तारांच्या आत, टाकाऊ लाकडावर शिकून झाली. फळीची नैसर्गिक कड तशीच ठेवणारी आणि फटीवर फुलपाखराच्या आकाराची पाचर बसवणारी त्यांची टेबले पुढे पेनसिल्व्हेनियात घडली. 1964 मध्ये ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही काम करून गेले.

दोघांची तुलना करणे हा चांगला अभ्यास आहे, पण ‘दोघेही पूर्व-पश्चिमेचे’ म्हणून नव्हे. नाकाशिमा लाकडाचे होते, जन्मभर. फळी काय सांगते ते ऐकायचे, हा त्यांचा धर्म. नोगुचींना एका मालाशी लग्न लावणे जमलेच नाही : प्लास्टर, बेकेलाइट, ॲल्युमिनियम, स्टील, माती, कागद, ग्रॅनाइट, पाणी. 1937 मध्ये झेनिथ कंपनीसाठी त्यांनी ‘रेडिओ नर्स’ केली. शेजारच्या खोलीतल्या बाळाचा आवाज ऐकवणारे हे बेकेलाइटचे यंत्र समोरून जपानी तलवारबाजाच्या मुखवट्यासारखे दिसते. नोल कंपनीसाठी 1950 च्या दशकात केलेले डुलते स्टूल आणि त्याच्याच वळणाचे टेबल गोड आहेत, पण त्यांच्यावर मी विद्यार्थ्याचा फार वेळ घालवू देणार नाही.

दिव्यांवर मात्र हवा तेवढा वेळ घालवावा. 1951 मध्ये हिरोशिमाला जाताना नोगुची गिफू शहरात थांबले. नागारा नदीवर रात्री होड्यांतून मशाली पेटवून पाणकावळ्यांकडून मासे धरायची जुनी पद्धत तिथे आहे. पाहुण्यांच्या होड्यांवर कागदी कंदील टांगतात. गिफूचा कंदील-व्यवसाय उतरणीला लागला होता. तो सावरायला काही करता येईल का, अशी विचारणा शहराच्या महापौरांनी केली. नोगुचींनी लगेच काम सुरू केले आणि आयुष्यभर सोडले नाही. त्यांनी या दिव्यांना ‘आकारी’ म्हटले. पुढे शेकडाभराहून अधिक नमुने झाले, आणि गिफूची ओझेकी ही जुनी कंपनी आजही ते बनवते.

बनवण्याची रीत अशी. लाकडाच्या अनेक पट्ट्या जुळवून आधी दिव्याच्या आकाराचा साचा उभा करतात. पट्ट्यांच्या कडांना बारीक खाचा असतात. त्या खाचांतून बांबूची तासून केलेली सडपातळ कामटी साच्याभोवती मळसूत्रासारखी गुंडाळत नेतात. मग तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदाच्या पट्ट्या कापून, खळ लावून, त्या कामट्यांवर एकेक बसवतात. वाळल्यावर तोंडातून हात घालून आतला साचा पट्टीपट्टीने मोडून काढतात. आपल्या दिवाळीच्या आकाशकंदिलात सांगाडा कायमचा राहतो आणि तोच आकार देतो. इथे आकार देणारी वस्तू शेवटी निघून जाते, उरते फक्त कामटीची सर्पिल ओळ आणि कागद. म्हणूनच दिवा दाबला की चपटा होतो, आणि चपट्या खोक्यातून जगभर जातो.

नोगुचींनी यात केले काय? परंपरागत कंदिलाच्या वरखालची लाकडी कडी काढली, मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा घेतला, कागद ताणून धरण्यासाठी तारेचा साधा आधार आखला, आणि आकाराला गोल-लांबट या दोन जुन्या शक्यतांतून सोडवले. कामटी दूरदूर, वेड्यावाकड्या अंतरावरही गुंडाळून पाहिली, म्हणजे पृष्ठभाग सुरकुततो. हात गिफूच्या कारागिरांचेच राहिले. यात नवे किती आणि जुने किती, हे एका वाक्यात सांगता येत नाही. कामाच्या प्रत्येक पायरीवर ते वेगळे आहे आणि पायरी पाहूनच ठरवावे लागते.

दिवा घरात टांगायचा म्हणून त्याला शिल्प म्हणायला कलाजगत कधी राजी नव्हते. 1986 च्या व्हेनिस बिएनालेत अमेरिकेचे दालन नोगुचींकडे आले, तेव्हा त्यांनी प्रदर्शनाचे नावच ‘शिल्प म्हणजे काय?’ असे ठेवले आणि संगमरवरी घसरगुंडीच्या जोडीला कागदी दिवे मांडले. बऱ्याच जणांच्या कपाळावर आठ्या पडल्या. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाचा हा खट्याळपणा मला त्यांच्या अनेक भव्य कामांहून अधिक आवडतो.

हिरोशिमाची गोष्ट दुखरी आहे. वास्तुविशारद केन्झो तांगे यांच्या शांतता उद्यानाकडे नेणाऱ्या दोन पुलांचे कठडे नोगुचींनी 1951-52 मध्ये केले, आणि ते आजही आहेत. त्यानंतर अणुबाँबमध्ये मेलेल्यांच्या स्मारकाचा आराखडाही तांगे यांनी त्यांच्याकडून घेतला. हानिवा काळातल्या आकारांवरून सुचलेली जाड काळी कमान, तिचे पाय जमिनीखालच्या खोलीत उतरलेले. आराखडा नाकारला गेला. बाँब टाकणाऱ्या देशाच्या माणसाने हे स्मारक करावे, हे मान्य होण्यासारखे नव्हते. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेने त्यांना जपानी म्हणून पाहिले होते. नकार देणाऱ्यांना दोष देणे मला जमत नाही. पण नोगुचींच्या बाबतीत ‘दोन संस्कृतींचा पूल’ ही शब्दरचना वापरण्याआधी हा आराखडा एकदा पाहावा.

बागांबद्दल स्वतंत्रच लिहावे लागेल, म्हणून इथे थोडक्यात. युनेस्कोच्या पॅरिसमधल्या बागेसाठी (1956-58) जपानहून दगड आले, आणि क्योतोच्या जुन्या माळी घराण्यातले सानो तोएमोन कामाला आले. परंपरेने दगड कसा पुरावा याबद्दल दोघांचे खटके उडत. जपानी बागेचे जाणकार त्या बागेला जपानी मानायला आजही कचरतात, आणि शिकणाऱ्यासाठी ती याच कारणाने मोलाची आहे. येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयाची संगमरवरी खोल बाग आणि न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेसमोरची, उजी नदीतल्या दगडांची बाग, या दोन्ही 1960 च्या दशकातल्या. दोन्हींत माणसाने उतरायचे नाही, वरून किंवा काचेपलीकडून पाहायचे.

आणि दगड. 1969 पासून शिकोकू बेटावरच्या मुरे गावी नोगुचींचे दुसरे घर आणि कार्यशाळा होती. आजूबाजूच्या खाणींतून आजी नावाचा कठीण ग्रॅनाइट निघतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे पाथरवट तिथे राहतात. मासातोशी इझुमी हा त्यांतला एक तरुण नोगुचींचा साथीदार झाला. शेवटच्या वीस वर्षांतले बेसॉल्ट आणि ग्रॅनाइटचे मोठे दगड या जोडीचे आहेत. कुठे टाकीचे खडबडीत घाव तसेच ठेवलेले, कुठे एकच कड आरशासारखी घासलेली, कुठे तांबूस सालीला हातच लावलेला नाही. कुठे थांबायचे हे नोगुची ठरवत, हे सर्वांना मान्य आहे. पण टाकी कोणाच्या हातात होती? गिफूत कामटी कोण गुंडाळत होते? कलाइतिहासाला एक नाव लागते, म्हणून बाकीची नावे तळटीपेत जातात. या क्षेत्रातले सर्वांत निकडीचे काम मला इथे दिसते, आणि ज्याला दगड किंवा लाकूड हाताळण्याची सवय आहे असा अभ्यासक ते ग्रंथालयात बसणाऱ्यापेक्षा बरे करील.

वाचायला कुठून घ्यावे, असे नवे वाचक विचारतात. डोर ॲश्टन यांचे 1992 चे पुस्तक प्रेमाने लिहिलेले आहे आणि पूर्व-पश्चिम ही चौकट त्यात जवळजवळ गृहीत धरलेली आहे. तीच चौकट युद्धोत्तर राजकारणात ठेवून उलटसुलट तपासण्याचे काम बर्ट विंथर-तामाकी यांनी 2001 मध्ये केले. एमी लायफर्ड यांनी 1930-40 च्या दशकांतला, श्रम आणि वंश यांच्याबद्दल बोलणारा राजकीय नोगुची पुढे आणला. तीन पुस्तकांत तीन माणसे भेटतात. आत्मचरित्र शेवटी वाचावे. ते फार चांगले लिहिलेले आहे, आणि म्हणूनच त्याच्या आहारी जाणे सोपे आहे.

मराठी वाचकासाठी या विषयात एक खुली जागा आहे. 1949 मध्ये बोलिंगन प्रतिष्ठानच्या मदतीने नोगुची युरोप, इजिप्त, भारत, आग्नेय आशिया आणि जपान असा लांबचा प्रवास करत होते. माणसे एकत्र येतात त्या जागा आणि तिथले शिल्प कसे असते, हा त्यांचा विषय. गुगेनहाइमच्या 1927 च्या अर्जातही त्यांनी पॅरिसनंतर भारतात जाण्याचा मनसुबा मांडला होता. तो पुरा व्हायला बावीस वर्षे गेली. भारतात त्यांना सर्वांत जास्त झपाटले ते सवाई जयसिंगांच्या वेधशाळांनी. दिल्ली आणि जयपूरच्या यंत्रांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे पुढे वास्तुकलेच्या नियतकालिकात छापली गेली.

त्यांच्या हयातीत न बांधला गेलेला एक जुना आराखडा होता. मुलांना चढता-घसरता येईल असा पायऱ्यांचा डोंगर, ‘प्ले माउंटन’, 1933 चा. न्यूयॉर्कच्या उद्यानांचे सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस यांनी तो हसण्यावारी नेला होता. 30 डिसेंबर 1988 रोजी नोगुची वारले. त्याच वर्षी त्यांनी साप्पोरो शहरासाठी, कचरा टाकण्याच्या जमिनीवर, 189 हेक्टरांच्या मोएरेनुमा उद्यानाचा आराखडा तयार केला होता. 2005 मध्ये ते पुरे झाले आणि त्यात तो डोंगर आहे, तीस मीटर उंचीचा. जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच आहे. तेही एक चढण आहे, आकाशाकडे पाहण्यासाठी बांधलेला जिना. 1933 चा आराखडा भारत पाहण्याच्या सोळा वर्षे आधीचा, त्यामुळे मूळ कल्पना जंतरमंतरची नाही हे उघड आहे. पण त्या आराखड्यापासून साप्पोरोपर्यंत उतार, पायऱ्या, टोके यांत काय काय बदलले आणि त्यातले किती 1949 नंतरचे, याची नीट मोजणी करता येण्यासारखी आहे. नोगुचींची छायाचित्रे क्वीन्सच्या संग्रहालयाने जपून ठेवली आहेत. यंत्रांची मापे घ्यायला दिल्ली किंवा जयपूरची गाडी पकडली की झाले.